बोटीचा धक्का ते रेल्वेचा फलाट : युरोपच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

मित्रमंडळी किंवा घरची माणसं बरोबर घेऊन युरोपात बोटीने आणि रेल्वेने फिरण्याविषयी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत. चार मोठे, दोघं साठीच्या पुढचे, एक मुलगी तेरा वर्षांची आणि एक मुलगा नऊ वर्षांचा. सोळा दिवसांत पाच-सहा देश करायचे आहेत. रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं?

आधी कागदावर फक्त लांबचे प्रवास लिहून काढा. दोन-अडीच तासांच्या वरचा प्रवास लांबचा धरा. सोळा दिवसांत असे पाच प्रवास होत असतील, तर एका महिन्यात कोणतेही पाच दिवस वापरता येणारा युरेल ग्लोबल पास (अनेक देशांच्या रेल्वेवर चालणारा एकच पास) पुरतो. चार, पाच आणि सात दिवसांचे पास एका महिन्यासाठी मिळतात, दहा आणि पंधरा दिवसांचे दोन महिन्यांसाठी. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा अशा तासाभराच्या प्रवासावर पासाचा दिवस खर्च करू नका, तिथे साधं तिकीट स्वस्त पडतं. युरेल हा युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. युरोपात राहणाऱ्यांना तसाच इंटररेल नावाचा पास घ्यावा लागतो, म्हणून तुमच्यातलं कोणी तिकडे नोकरीला किंवा शिकायला असेल तर त्याचा पास वेगळा.

वयाचा हिशेब तुमच्या बाजूचा आहे. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास मोफत असतो, एका मोठ्या माणसामागे दोन मुलांपर्यंत. पण तो आपोआप मिळत नाही, मोठ्यांच्या पासाबरोबरच मागून घ्यावा लागतो. मुलगी तेराची, म्हणजे तिला बारा ते सत्तावीस वयाचा सवलतीचा पास. साठीच्या पुढच्या दोघांना दहा टक्के सूट.

हिशेब चुकतो तो आरक्षणाच्या पैशांत. पास म्हणजे प्रवासाचा हक्क, बसायची जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्ही, स्पेनच्या वेगवान गाड्या, इटलीच्या फ्रेच्चारोसा आणि लंडनला जाणारी युरोस्टार यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. इटलीत माणशी दहा-पंधरा युरो, युरोस्टारला तीस युरोंच्या पुढे. मोफत पासावर चाललेल्या नऊ वर्षांच्या मुलालाही हे पैसे पडतात, म्हणजे प्रत्येक वेळी आठने गुणा. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. एकदम आठ जागा हव्या असतील तर विक्री उघडल्याबरोबर घ्याव्यात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत देशांतर्गत बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. मात्र स्वित्झर्लंडहून इटलीत जाणाऱ्या युरोसिटी गाड्यांना ती आहे. इटलीतली इतालो आणि फ्रान्समधली स्वस्त विगो या गाड्यांत हा पास चालतच नाही.

आमचं मत असं : मार्ग मुख्यतः जर्मन भाषक देशांतून जात असेल तर पास घ्या. फ्रान्स-स्पेन-इटली असा असेल आणि तारखा पक्क्या असतील, तर सुटी तिकिटं विक्री उघडताच, म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिने आधी, घेतलेली बरी. ती त्याच गाडीला बांधलेली असतात, गाडी चुकली की तिकीट बुडालं.

पास फोनवर असतो. एका फोनवर घरातल्या सगळ्यांचे पास ठेवता येतात, पण मग सगळ्यांनी त्या फोनबरोबरच फिरायला हवं. दुपारी चौघं एका गावी आणि चौघं दुसऱ्या गावी जाणार असतील, तर पास दोन फोनांवर वाटा. तपासनिसाला स्क्रीनशॉट चालत नाही. ॲपला दर तीन दिवसांत एकदा तरी इंटरनेट मिळायला हवं. रात्रीची गाडी मध्यरात्रीच्या आधी सुटत असेल तर सुटण्याचा दिवसच मोजला जातो, मात्र मध्यरात्रीनंतर गाडी बदलली की दुसरा दिवसही खर्ची पडतो.

प्रश्न : बोट आणि रेल्वे दोन्हींची मजा एकाच दिवसात मिळेल असे मार्ग सुचवा. बरोबर म्हातारी माणसंही आहेत, फार दमछाक नको.

सगळ्यात सोपा स्वित्झर्लंडचा. लुसर्न स्टेशनच्या दारातून रस्ता ओलांडला की समोर बोटीचे धक्के. तिथून फ्ल्यूएलेनपर्यंत तळ्यातून पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, आणि फ्ल्यूएलेनला बोट लागते ती रेल्वे स्टेशनला खेटून. पुढे आल्प्स डोंगरातल्या जुन्या गोटहार्ड मार्गाने दक्षिणेला. इथे एक काळजी घ्या. २०१६ मध्ये डोंगराच्या पायथ्यातून जाणारा ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला आणि वेगवान गाड्या त्यातून जातात. त्या गाडीत बसलात तर डोंगर दिसण्याऐवजी अंधार दिसेल. बेलिंझोनाकडे जाणारी ट्रेनो गोटार्दो ही गाडी १८८२ च्या जुन्या मार्गाने जाते आणि तिला आरक्षण लागत नाही. वासेन गावाचं चर्च वळणांच्या बोगद्यांमुळे खिडकीतून तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवर. मुलांना आधी सांगून ठेवा, शोधायला मजा येते. बोट आणि गाडी मिळून गोटहार्ड पॅनोरमा एक्सप्रेस नावाने एकत्रही विकतात, पण ती उन्हाळ्याच्या हंगामातच चालते आणि तिच्या गाडीला आरक्षण लागतं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तळ्यातल्या बोटीही त्यातच येतात, आणि सहा ते पंधरा वर्षांची मुलं आई-वडिलांबरोबर मोफत.

ऑस्ट्रियात वाखाउचं खोरं बघा. व्हिएन्नाहून रेल्वेने सुमारे तासाभरात मेल्क, तिथला मठ, मग डॅन्यूबवरून बोटीने क्रेम्स आणि क्रेम्सहून रेल्वेने परत. दिशा हीच ठेवा. प्रवाहाबरोबर पावणेदोन तासांत होणारं अंतर प्रवाहाविरुद्ध तीन तास घेतं. ऱ्हाइनवरही तेच. र्‍यूडेसहाइमकडून कोब्लेंझकडे जाताना वेळ कमी लागतो, आणि दोन्ही काठांनी रेल्वे असल्यामुळे कंटाळा आला तर मधल्या एखाद्या गावी उतरून गाडी पकडता येते. म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठीच सोय. मात्र कोरड्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ऱ्हाइनचं पाणी उतरतं आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात. आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा बघा.

नॉर्वेत ओस्लो-बर्गन गाडीने मिरदाल, तिथून फ्लोम रेल्वे. मिरदाल ८६६ मीटर उंचीवर आहे आणि जेमतेम वीस किलोमीटरमध्ये गाडी समुद्रसपाटीला उतरते. फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत नेरोय फ्योर्डमधून (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यातून) दोन तासांची बोट, पुढे बसने वोस आणि रेल्वेने बर्गन. एका दिवसात पाच वाहनं होतात, म्हणून मोठ्या बॅगा बरोबर नकोत. हा दिवस लांब आहे. वडीलधाऱ्यांसाठी फ्लोमला रात्रीचा मुक्काम केला तर तो निम्म्याने हलका होतो.

आणि एक मार्ग असा, जिथे गाडीच बोटीत चढते. रोमहून सिसिली बेटावर जाणारी इंटरसिटी इटलीच्या टोकाच्या व्हिला सान जोव्हान्नी बंदराला पोचली की तिचे डबे तोडून, जहाजातल्या रुळांवर ढकलून सिसिलीतल्या मेसिनाला नेतात. युरोपात प्रवाशांची गाडी अशी जहाजातून नेणारी ही एकच जागा आता उरली आहे. डेन्मार्क-जर्मनी मार्गावरची २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. सामुद्रधुनी ओलांडायला अर्धा तासही लागत नाही, पण डबे तोडणं, चढवणं, उतरवणं आणि जोडणं धरून दीड-दोन तास जातात. तेवढ्यात वरच्या डेकवर जाऊन येता येतं. डब्याचा क्रमांक लक्षात ठेवून वर जा, कारण खाली परतल्यावर सगळे डबे सारखेच दिसतात.

प्रश्न : रात्रीची बोट बरी की रात्रीची रेल्वे? झोप कुठे लागते?

कुटुंबासाठी आम्ही बोटीच्या बाजूचे आहोत. स्टॉकहोम-हेलसिंकीसारख्या मार्गावर केबिनचे पैसे माणशी नसून केबिनमागे असतात, आणि नेहमीची केबिन चौघांची. चौघं मिळून घेतली की हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वस्त पडू शकते. खाली दोन बर्थ, वर भिंतीतून उघडणारे दोन आणि चढायला शिडी. आठ जणांत म्हातारी माणसं दोन असतील तर एकेका केबिनमध्ये एकेक वाटून द्या, म्हणजे खालचा बर्थ दोघांनाही मिळेल. सगळ्यात स्वस्त केबिन मोटारींच्या मजल्याच्याही खाली असतात. तिथे इंजिनाची घरघर ऐकू येते आणि जिने जास्त.

या मार्गावर स्टॉकहोम सोडल्यावर पहिले काही तास जहाज हजारो बेटांमधून वाट काढत जातं. उन्हाळ्यात उजेड उशिरापर्यंत असतो. जेवणाची वेळ त्याप्रमाणे ठरवा. फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे आहे, म्हणून सकाळी उतरायची वेळ कोणत्या घड्याळाची ते बघून गजर लावा.

बोट लागण्याची, म्हणजे मळमळण्याची, भीती असेल तर केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा. पुढच्या आणि मागच्या टोकाला हेलकावा सर्वांत जास्त. डॉक्टरांनी दिलेली गोळी बोट हलायला लागण्याच्या आधीच घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही. बेटांच्या आडोशातलं बाल्टिकचं पाणी बहुधा शांत असतं. फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यालगतचा बिस्केचा उपसागर तसा नाही.

रात्रीच्या रेल्वेत, उदाहरणार्थ ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेटमध्ये, कूशेटच्या (साध्या झोपण्याच्या) कंपार्टमेंटमध्ये चार किंवा सहा बर्थ आणि स्लीपरमध्ये एक ते तीन असतात. चार-पाच जण असाल तर सुटे बर्थ न घेता पूर्ण कंपार्टमेंट आरक्षित करा. सहा बर्थच्या कंपार्टमेंटमध्ये मधला बर्थ उघडला की खाली ताठ बसता येत नाही. हे माहीत नसलं की पहिल्या रात्री चिडचिड होते.

प्रश्न : ग्रीसच्या बेटांवर दहा दिवस जाणार आहोत, जुलैअखेर. बोटी रद्द होतात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निळंशार असतं, ऊन असतं, तरी वारा बोफर्ट या वाऱ्याचा जोर मोजण्याच्या मापावर ८ च्या आसपास पोचला की बंदर अधिकारी मोठ्या बोटीही सोडत नाहीत. कॅटामरान नावाच्या छोट्या, वेगवान बोटींना त्याही आधी थांबवतात. म्हणून एक नियम पाळा : विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या रात्री तुम्ही अथेन्समध्ये असलंच पाहिजे. दहा दिवसांतले नऊ बेटांवर आणि दहाव्या सकाळची बोट पकडून विमानतळ, हा बेत आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

बेटं एकाच मार्गावरची निवडा. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघालं की पारोस, नाक्सोस, सांतोरिनी ही बेटं एका रेषेत लागतात, एकच बोट अनेकदा सगळीकडे थांबते. मोठी बोट पारोसला सुमारे चार तासांत आणि सांतोरिनीला सात-आठ तासांत पोचते. कॅटामरान लवकर नेते, पण तिच्यात बहुतेक वेळ आतच बसावं लागतं आणि लाटांत ती जास्त आपटते. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मोठी, संथ बोट घ्या. डेकवर हिंडता येतं.

पिरेयस हे प्रचंड बंदर आहे, ई-१ ते ई-१२ अशी त्याची दारं लांबवर पसरलेली. तिकिटावर दार बघा आणि मेट्रोतून उतरल्यावर चालायचा किंवा बंदराच्या आतल्या बसचा वेळ धरा. सामान खाली मोटारींच्या मजल्यावर रॅकवर ठेवतात. अनेक बोटींत रॅकवर बेटाचं नाव असतं, तुमच्या बेटाच्या रॅकवरच बॅग टाका. मधल्या बेटावर उतरायचं असेल तर घोषणा होताच खाली जा. बोट तिथे काही मिनिटंच थांबते, उतरायचा उतार उघडतो, माणसं आणि मोटारी एकाच वेळी बाहेर पडतात. आठ जणांपैकी एक जण वर कॉफी संपवत राहिला तर तो पुढच्या बेटावर पोचेल.

इटलीहून बोटीने पात्राला उतरणार असाल तर हेही ध्यानात घ्या : पात्राहून अथेन्सला थेट रेल्वे नाही. आधी काही अंतर रेल्वेची बस आणि तिथून उपनगरी गाडी.

प्रश्न : बोट उशिरा आल्यामुळे पुढची रेल्वे चुकली तर पैसे परत मिळतात का?

बोटीचं आणि रेल्वेचं तिकीट वेगवेगळं असेल तर चुकलेल्या गाडीचे पैसे कोणीही देत नाही. या प्रकारच्या प्रवासात जे काही बिघडतं ते बहुतेक या सांध्यावरच बिघडतं, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो.

आधी बोट आणि मग रेल्वे असेल, तर रेल्वेचं तिकीट लवचीक ठेवा. म्हणजे पास, नाहीतर कोणत्याही गाडीला चालणारं स्थानिक गाडीचं तिकीट. दिवसाच्या बोटीनंतर दोन-तीन तास मोकळे सोडा. आधी रेल्वे आणि मग बोट असेल तर अंतर आणखी वाढवा. रेल्वे तासाभराने पुन्हा असते, बोट पुष्कळ ठिकाणी दिवसाला एकच. शक्य तर आदली रात्र बंदराच्या गावीच काढा. बंदर आणि स्टेशन जवळ आहेत असं नकाशावर वाटलं तरी धक्क्यापर्यंतची वाट, तिकिटांची तपासणी आणि बोटीचं दार सुटण्याच्या वीस-तीस मिनिटं आधी बंद होणं हे त्यात दिसत नाही.

आता हक्क. युरोपीय संघात रेल्वे ६० ते ११९ मिनिटं उशिरा पोचली तर तिकिटाच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या वर ५० टक्के भरपाई मागता येते. पूर्ण प्रवासाचं एकच सलग तिकीट असेल तर मधली गाडी चुकल्यावर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी रेल्वेची. बोटीच्या भरपाईचं कोष्टक वेगळं आहे : चार तासांपर्यंतच्या प्रवासात एक तास उशीर, चार ते आठ तासांच्या प्रवासात दोन तास, आठ ते चोवीस तासांच्या प्रवासात तीन तास आणि त्याहून लांबच्या प्रवासात सहा तास उशीर झाला की २५ टक्के, आणि उशीर त्याच्या दुपटीच्या वर गेला की ५० टक्के. सुटायलाच दीड तासाहून अधिक उशीर होणार असेल तर पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने पोचवणं यांतलं एक तुम्ही निवडू शकता. वादळवाऱ्यामुळे उशीर झाला तर मात्र भरपाई मिळत नाही. बोट रद्द झाल्यास पैसे परत मागण्याचा हक्क तेव्हाही राहतो. काउंटरवर उशिराची लेखी नोंद मागा, तिकीट जपून ठेवा.

प्रश्न : शेंगेन व्हिसा एकदा मिळाला की बोटीने कुठेही जाता येतं ना?

नाही. ग्रीसच्या कोर्फू बेटावरून अल्बेनियाचं सरांडा वेगवान बोटीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, स्पेनच्या तारिफाहून मोरोक्कोचं टँजियर तासाभरावर. दोन्ही सहली हौसेने घेतल्या जातात आणि दोन्हींत तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर पडता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येता येणार नाही, आणि हॉटेलात ठेवलेलं सामान तिकडेच राहील. ब्रिटन आणि आयर्लंडसाठीही वेगळी परवानगी लागते, मग तुम्ही युरोस्टारने जा किंवा नेदरलँड्सच्या हूक ऑफ हॉलंडहून हार्विचच्या बोटीने. असा बेत असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि मार्ग स्पष्ट लिहा.

अर्ज सर्वांत जास्त रात्री जिथे राहणार त्या देशाकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात. विमा किमान ३०,००० युरोंचा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे इटलीतल्या अंकोनाहून स्प्लिटला बोटीने जाण्यात आता ही अडचण उरलेली नाही.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. डब्याच्या पायऱ्या उंच असतात का?

पुष्कळ जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि फलाट खाली असतो. रेल्वेची मदतसेवा मोफत आहे, युरोपीय संघात २४ तास आधी कळवावं लागतं. बोटीसाठी ४८ तास आधी कळवा. मदत कुठे भेटेल ती जागा ठरवून दिली जाते, दिलेल्या वेळी तिथेच उभं राहा. आरक्षण करताना दुमजली डब्यातली वरची जागा टाळा.

प्रश्न : आम्ही मित्रांचा दहा जणांचा गट आहे. एकत्र बसायला मिळेल का, आणि चढताना गोंधळ कसा टाळायचा?

एकत्र जागा हव्या असतील तर सक्ती नसतानाही आरक्षण करा. जर्मन रेल्वेत कुटुंबासाठी एकत्र स्वस्त आरक्षणाची सोय होती, ती जून २०२५ मध्ये बंद झाली, आता प्रत्येक जागेचे पैसे वेगळे.

फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि फलकावर कोणता डबा कोणत्या अक्षराखाली थांबेल ते दाखवलेलं असतं. डब्याच्या अक्षराखाली आधीच उभे राहा, गाडी मोठ्या स्टेशनवरही कधी कधी दोन-तीन मिनिटंच थांबते. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. गटातले दोघं आधी चढून आतून बॅगा घेतील, दोघं खालून देतील, बाकीचे मोकळ्या हाताने चढतील, असं ठरवून ठेवा.

काही गाड्यांचे दोन भाग होऊन ते वेगवेगळ्या गावी जातात. डब्याच्या बाहेरच्या फलकावर शेवटचं गाव लिहिलेलं असतं, चढण्यापूर्वी ते वाचा. घाईत चुकीच्या भागात चढलात तर आतून पलीकडे जाता येईल असं धरू नका, दोन जोडलेल्या गाड्यांमध्ये बहुधा वाट नसते. पुढच्या थांब्यावर उतरून फलाटावरून डबा बदला, आणि गटाचे फोन क्रमांक सगळ्यांकडे असू द्या.